टॅबमधले आकडे बरोबर, तरी चाल ओळखू येत नाही: दोष शोधण्याचा क्रम

मालवणजवळच्या आमच्या गावात गिटार शिकू पाहणारी मुले माझ्या पडवीत येतात, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगतात: ‘आकडे सगळे बरोबर आसत, पण गाणा काय येणा नाय.’ गणपतीसाठी आलेले चाकरमानी मुंबईहून आणलेली जुनी गिटार पुतण्याकडे ठेवून परत जातात, पुतण्या मोबाइलवर एखाद्या गाण्याचा टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचे ते आकड्यांत सांगणारी लिपी, शोधतो आणि पंधरा दिवसांत हे वाक्य त्याच्या तोंडी येते. ही एकच तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की आता गिटार हातात घेण्याआधी मी चार प्रश्न विचारतो आणि निम्म्या वेळा तारेला हातही लावावा लागत नाही.

प्रथम लक्षणे नीट ओळखावीत, कारण ‘गाणे येत नाही’ या एका वाक्याखाली निदान पाच वेगळे दोष लपलेले असतात. काहींची चाल जिथे चढायला हवी तिथे उतरते. काहींचे एका तारेवरचे सूर एकमेकांशी जुळतात, पण दुसऱ्या तारेवर गेले की ठेच लागल्यासारखे होते. काहींचे सूर सुटे सुटे ऐकले तर बिनचूक असतात, मात्र सलग वाजवल्यावर ते कोणतेही गाणे वाटत नाही. काहींची चाल घरात एकट्याने वाजवताना ओळखू येते, पण रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवू लागले की दोन्ही एकमेकांशी भांडतात. शेवटचा प्रकार असा की मोकळ्या तारा सुरात असतात, पण बोट दाबले की सूर चढा लागतो आणि जसजसे पोटाकडे सरकावे तसतसा तो अधिक बिघडतो. पहिली चार लक्षणे वाचण्यातली किंवा तारा मिळवण्यातली असून ती फुकटात सुटतात. पाचवे लक्षण वाद्याचे असते आणि त्याला खर्च येऊ शकतो. नवशिका मात्र सर्व दोष स्वतःच्या बोटांना देतो, आणि ही समजूतच सर्वांत आधी दूर करावी लागते.

हे दोष वेगळे करण्यासाठी मी सर्वांना एकच ओळ वाजवायला देतो. ती कोणत्याही गाण्याची नाही; पेटीवरच्या पांढरी एकच्या षड्जापासून चढणारे साधे सारेगमपधनीसां आहे. ते आपल्या कानाला लहानपणापासून इतके ओळखीचे असते की त्यातला चुकलेला सूर दाखवून द्यायला गुरू लागत नाही.

१ |--------------------------------|
२ |------------------------०---१---|
३ |----------------०---२-----------|
४ |----०---२---३-------------------|
५ |३-------------------------------|
६ |--------------------------------|

सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे बोट ठेवायची फ्रेट, सतारीच्या भाषेत पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्याला सा, चौथ्या तारेवर मोकळी रे, मग दुसऱ्या व तिसऱ्या पडद्याला ग आणि म, तिसऱ्या तारेवर मोकळी प आणि दुसऱ्या पडद्याला ध, दुसऱ्या तारेवर मोकळी नी आणि पहिल्या पडद्याला तार सां. पुढच्या प्रत्येक तपासणीत आपण या ओळीकडे परत येणार आहोत, म्हणून ती आधी वाजवून पाहावी आणि काय ऐकू आले ते कागदावर लिहून ठेवावे.

पहिली तपासणी एका मिनिटाची आहे: रेघा उलट्या तर वाचल्या जात नाहीत ना? टॅबमधली सर्वांत वरची रेघ ही सर्वांत बारीक, पहिली तार असते आणि सर्वांत खालची रेघ ही सर्वांत जाड, सहावी तार असते. गिटार मांडीवर घेऊन बसल्यावर मात्र जाड तार हनुवटीच्या बाजूला, म्हणजे वर असते आणि बारीक तार जमिनीच्या बाजूला. त्यामुळे मूल ‘वरची रेघ म्हणजे वरची तार’ असा सरळ हिशेब करते. तो हिशेब बिनबुडाचा नाही, एवढे मी त्याच्या बाजूने म्हणेन. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुची याने १५०७ साली ल्यूट या वाद्याचे टॅब छापले, तेव्हा त्या इटालियन पद्धतीत सर्वांत वरची रेघ खर्जाच्याच तारेची असे. १५३६ साली स्पेनमध्ये लुईस मिलान याने विहुएला या गिटारसारख्या वाद्यासाठी छापलेल्या टॅबमध्ये मात्र वरची रेघ बारीक तारेची आहे, आणि आज आपण वाचतो तो क्रम तसाच आहे. म्हणजे हा गोंधळ पाचशे वर्षांचा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वरची ओळ उलटी वाचली तर काय होते, ते ऐकण्यासारखे आहे. पहिला सूर दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्याला लागतो, पुढचे तीन तिसऱ्या तारेवर, मग दोन चौथ्या तारेवर आणि शेवटचे दोन पाचव्या तारेवर लागतात. प्रत्येक तारेवर सूर थोडे चढतात, पण तार बदलली की धप्पदिशी खाली येतात, आणि सांवर पोचण्याऐवजी आपण खर्जात जाऊन पडतो. असे ऐकू आले तर दुसरे काहीही तपासू नये. वहीतल्या टॅबच्या डाव्या कडेला वरून खाली १ ते ६ आकडे घालावेत, पहिल्या आकड्याशेजारी ‘बारीक’ आणि सहाव्याशेजारी ‘जाड’ असे लिहावे आणि दोन आठवडे प्रत्येक टॅबवर हे करीत राहावे. काही जण ‘टॅब आरशात पाहा’ किंवा ‘गिटार उलटी धरल्याची कल्पना करा’ असे सांगतात. माझ्या अनुभवात त्या उपायाने गोंधळ दुप्पट होतो.

दुसरी तपासणी कागदाची, आणि आता कागद म्हणजे मोबाइल. टॅब साध्या अक्षरांत टाइप केलेला असतो आणि त्याचा सगळा अर्थ उभ्या ओळींवर अवलंबून असतो. एकाखाली एक आलेले आकडे एकाच वेळी वाजवायचे आणि शेजारी आलेले एकामागून एक. टाइप करणाऱ्याने प्रत्येक चिन्हाला सारखीच रुंदी देणारा टंक वापरलेला असतो, आपल्या मोबाइलमधल्या नेहमीच्या टंकात मात्र आकड्याची रुंदी वेगळी आणि आडव्या रेघेची वेगळी असते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या टॅबमध्ये पहिली रेघ पुढे सरकते, चौथी मागे राहते आणि जे दोन सूर एकत्र वाजायचे ते मागेपुढे वाजू लागतात. वर दिलेली ओळसुद्धा तुमच्या मोबाइलवर वेडीवाकडी दिसत असेल, तर कारण हेच आहे. त्याहून वाईट म्हणजे साठ-सत्तर चिन्हांची रेघ मोबाइलच्या रुंदीत न मावल्यामुळे मोडून खाली येते आणि सहाच्या बारा रेघा होतात. एका मुलाने अशा बारा रेघा पाहून ‘हे बारा तारांच्या गिटारचे आहे, आपल्याकडे चालणार नाही’ असा निष्कर्ष काढला होता. निष्कर्ष चुकीचा होता, पण निरीक्षण चोख होते.

यावर दोन फुकट उपाय आहेत. मोबाइल आडवा धरावा, आणि टॅब व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर मजकुराच्या आधी व नंतर बॅकटिक हे चिन्ह तीन तीन वेळा टाइप करावे. मग अक्षरे सारख्या रुंदीची होतात. तरीही मी मुलांना गणिताची चौकटीची वही घ्यायला लावतो. एका चौकटीत एक चिन्ह, सहा ओळी तारांच्या आणि सातवी ओळ रिकामी. ती रिकामी ओळ पुढच्या तपासणीत लागणार आहे. हाताने उतरवताना आणखी एक चूक पकडली जाते: ‘१२’ असे लिहिले असेल तर तो बारावा पडदा असतो, पहिला आणि मग दुसरा नव्हे. चौकटीत बारा एकत्र लिहिले की पुन्हा फसगत होत नाही.

तिसऱ्या तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण ‘सूर बरोबर, पण गाणे नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. साध्या अक्षरांतला टॅब बोट कुठे ठेवायचे ते सांगतो. सूर किती वेळ टिकवायचा, हे तो बहुतेक वेळा सांगतच नाही. पेटी किंवा गाणे थोडेफार शिकलेली मुले इथे न शिकलेल्यांपेक्षा जास्त अडखळतात, आणि त्याचे कारण कळायला मला बराच काळ लागला. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तो स्वर आणखी एक मात्रा लांबवणे. एका मात्रेत दोन स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली कंस काढलेला असतो, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुलीचे चिन्ह असते, खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेला, शून्य असते आणि विभागांच्या उभ्या रेघा तालाप्रमाणे पडतात. ही लिपी पाहिलेल्या मुलाला टॅबमध्ये आकड्यानंतर तीन आडव्या रेघा दिसल्या की तो इमानदारीने तीन मात्रा थांबतो, आणि सात रेघा दिसल्या की सात. पण टॅबमधली आडवी रेघ ही मात्रा नसून केवळ तार आहे, कागदावर काढलेली तार. टाइप करणाऱ्याने मोकळी जागा कधी अंदाजाने सोडलेली असते, तर कधी खाली गाण्याचे शब्द बसावेत म्हणून. शून्याचीही तीच गत: भातखंडे लिपीतले शून्य तालातली खाली दाखवते आणि टॅबमधले शून्य मोकळी तार.

गेल्या श्रावणात एक मुलगी अशीच आली. तिच्या घरी भजनाची पेटी आहे आणि डबलबारीच्या रात्री ती वडिलांच्या मागे बसून झांज वाजवते, म्हणजे लयीचा कान पक्का. तरी गिटारवर तिची ओळ अशी वाजत होती की पहिला सूर, मग मोठी पोकळी, मग दोन सूर घाईघाईने, मग पुन्हा पोकळी. मी तिची वही पाहिली तर तिने प्रत्येक आडवी रेघ मोजून खाली बारीक टिंबे दिली होती. तिला गिटार बाजूला ठेवायला सांगितली, मूळ गाणे लावले आणि फक्त टाळी द्यायला लावली. केरव्याच्या आठ मात्रा तिच्या हाताला आपोआप सापडल्या. मग वहीतल्या त्या रिकाम्या सातव्या ओळीत १ ते ८ आकडे लिहून प्रत्येक सूर कोणत्या मात्रेवर पडतो ते तिनेच भरले. एक सूर दोन मात्रांच्या मधोमध पडत होता, तिथे तिने भातखंडे पद्धतीचा कंस काढला. वीस मिनिटांत चाल उभी राहिली. पडवीच्या पायरीवर बसलेल्या तिच्या धाकट्या भावाने तिसऱ्या सुरालाच गाणे ओळखले, आणि माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही.

म्हणून नियम असा की ज्या गाण्याची चाल गुणगुणता येत नाही, त्याचा टॅब हातात घेऊ नये. आधी पाच-सहा वेळा ऐकावे, मग टाळी देत म्हणावे, मग मात्रा लिहाव्यात आणि शेवटी बोटे ठेवावीत. काही टॅबमध्ये आकड्यांच्या वर किंवा खाली सुरांची लांबी दाखवणाऱ्या दांड्या असतात आणि संगणकावर वाजून दाखवणारे टॅबही मिळतात. ते मिळाले तर उत्तमच, पण टाळीचे काम त्यांनी टळत नाही.

चिन्हांबद्दल थोडक्यात. टॅबमधली इंग्रजी लिपीतली बारीक अक्षरे आणि तिरप्या रेघा या सूर कसा काढायचा त्याच्या सूचना असतात. ‘एच’ असेल तर पुढचा सूर पिक (तार छेडायची चकती) न मारता बोट आपटून काढायचा, ‘पी’ असेल तर बोट ओढून सोडून, ‘बी’ असेल तर सतारीच्या मींडेसारखी तार आडवी ओढून, आणि तिरपी रेघ असेल तर बोट न उचलता घसरत जाऊन. फुली म्हणजे दाबलेल्या तारेचा मुका ठोका. पहिल्या महिन्यात या सूचना पाळल्या नाहीत तरी चाल ओळखू येते, एकच अपवाद ‘बी’चा: तिथे ओढलेला सूर मूळ सुरापेक्षा चढा असतो आणि तार न ओढता वाजवला तर चक्क चुकीचा लागतो.

आता तारा मिळवण्याकडे वळू. इथेही पैसे लागत नाहीत, पण कान लागतो. आपली सारेगमची ओळ वाजवावी आणि तीन सांधे ऐकावेत: सा आणि रे यांच्यामधला, म आणि प यांच्यामधला, ध आणि नी यांच्यामधला. या तीनच ठिकाणी तार बदलते. रे ग म हे तिन्ही सूर एकाच तारेवर असल्यामुळे ती तार किती का उतरलेली असेना, ते एकमेकांशी जुळूनच वाजतात. म्हणून ओळ एखाद्या सांध्यापाशी तुटत असेल आणि मध्ये सरळ जात असेल, तर वाचण्यात चूक नसून तार उतरलेली आहे आणि कोणती तार, तेही तिथेच कळते. पहिली आणि सहावी तार या ओळीत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहावी मोकळी, चौथी दुसऱ्या पडद्याला आणि पहिली मोकळी असे तीन सूर वाजवावेत. तिन्ही गंधारच आहेत, फक्त सप्तके वेगळी.

मोबाइलवर ट्यूनरचे फुकट ॲप मिळते. त्यात दिसणारी अक्षरे पेटीच्या भाषेत सांगायची तर जाड तारेपासून क्रमाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. सहाव्या आणि पहिल्या तारेला ॲप एकच अक्षर दाखवते, पण त्यांच्यात दोन सप्तकांचे अंतर असते. सहावी तार सुमारे ८२ हर्ट्झला आणि पहिली सुमारे ३३० हर्ट्झला लागते. सूर पूर्ण हरवलेली तार मिळवताना आपण बरोबर सप्तकात आहोत की नाही याची खात्री नसेल, तर खुंटी पिळत राहू नये. बारीक तार तुटून हाताला लागते आणि तोंड जवळ असेल तर डोळ्यालाही धोका असतो.

ॲप नसेल तर पाचव्या पडद्याची जुनी पद्धत आहे. सहावी तार पाचव्या पडद्याला दाबली की मोकळी पाचवी मिळते, पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी, पण तिसरीवरून दुसरी मिळवताना मात्र चौथा पडदा दाबायचा आणि दुसरीवरून पहिली मिळवताना पुन्हा पाचवा. हा एक अपवाद विसरल्यामुळे दोन्ही बारीक तारा अर्ध्या सुराने चढ्या लागलेल्या गिटारी माझ्याकडे कितीतरी आल्या आहेत. घरच्या पेटीवरून गिटार मिळवली तर तीही चालते, पण खाऱ्या दमट हवेत वर्षे काढलेल्या पेटीचे सूर रेकॉर्डिंगच्या पट्टीशी जुळतीलच असे नाही. मग गिटार स्वतःशी सुरात राहते आणि मोबाइलमधल्या गाण्याशी भांडते.

तसे भांडण असेल, पण ॲप सर्व तारा बरोबर दाखवत असेल, तर टॅबच्या सुरुवातीच्या दोन ओळी वाचाव्यात. त्या कोणीच वाचत नाही. तिथे कॅपो (सर्व तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर लावा असे लिहिले असेल, तर टॅबमधले आकडे कॅपोपासून मोजायचे असतात. शून्य म्हणजे कॅपोची जागा आणि तीन म्हणजे खरा पाचवा पडदा. सर्व तारा अर्धा सूर उतरवून घ्याव्यात किंवा फक्त सहावी तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर आणावी, अशाही सूचना असतात. तिथे काहीच लिहिलेले नसेल तर कॅपो एकेक पडदा वर सरकवत रेकॉर्डिंगसोबत वाजवून पाहावे. एक पडदा म्हणजे पेटीवरची लगतची पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. गाणाऱ्याची पट्टी काळी चार असेल आणि टॅब पांढरी पाचमध्ये लिहिलेला असेल, तर पहिल्याच पडद्यावर काम होते.

इथपर्यंत सर्व बरोबर असेल आणि तरीही बोट दाबल्यावर सूर चढा लागत असेल, तर पहिला संशय तारांवर घ्यावा. किनाऱ्यावर पोलादी तारा लवकर गंजतात, पावसाळ्यात तर फार लवकर. तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवून पाहावे. खरखर लागली किंवा पडद्यांच्या जागी खाचा जाणवल्या तर तार बदलावी. गंज आणि झीज यांमुळे तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही आणि तार अर्ध्यावर दाबली तरी सूर नेमका दुप्पट होत नाही. बाराव्या पडद्यावर हीच परीक्षा घेता येते, कारण तो तारेच्या मध्यावर असतो. तिथे बोट न दाबता फक्त टेकवून घंटेसारखा सूर काढावा, मग त्याच जागी दाबून काढावा आणि ॲपवर दोन्ही पाहावेत. दोन्ही सारखे आले तर तार निर्दोष. नवा संच काहीशे रुपयांना मिळतो. घालण्यापूर्वी एक पाहावे: घोडीला, म्हणजे पोटावर तारा अडकवायच्या पट्टीला, तारा गाठ मारून बांधलेल्या असतील आणि मूळच्या तीन बारीक तारा नायलॉनच्या असतील, तर त्या गिटारला पोलादी तारा कधीही घालू नयेत. पोलादी संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा त्याहून बराच कमी असतो, आणि तो जादा ताण घोडी उपटून काढतो. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात. तो दोष नव्हे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसल्या तर त्या दुप्पट टिकतात, असे माझ्यापुरते सांगतो.

नव्या तारा घालूनही दोष राहिला तर शाळेची पट्टी घेऊन बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजावी. पोलादी तारांच्या गिटारवर ती साधारण दोन ते तीन मिलिमीटर असावी. चारच्या पुढे गेली तर तार दाबताना ती इतकी ताणली जाते की सूर चढाच लागणार, बोट कितीही बरोबर ठेवा. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो आणि जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पीत राहते. गिटारचे पोट फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. त्यातच ती उन्हाळ्यात कौलांखालच्या माळ्यावर ठेवलेली असेल तर मानेची आणि डिंकाचीही परीक्षा झालेली असते. सहाव्या तारेला पहिल्या पडद्यावर कॅपो लावून तीच तार जिथे मान पोटाला मिळते त्या पडद्यावर दाबावी आणि सातव्या पडद्यापाशी फट पाहावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक आहे. दोन-तीन कार्डे सहज जात असतील तर मान वाकली आहे.

आणि इथे थांबावे. मानेतली ट्रस रॉड नावाची पोलादी कांब अर्ध्या फेऱ्याने मान सरळ करू शकते आणि तितक्याच सहज तिचे आटे मोडून मान कायमची निकामी करू शकते. व्हिडिओ पाहून ती पिळलेल्या दोन गिटारी मी पाहिल्या आहेत. दोन्ही आता भिंतीवर शोभेला आहेत. घोडी उचललेली असेल, पोटाला फुगवटा किंवा चीर असेल, पडदा जागचा सुटला असेल किंवा डोक्याजवळ मानेला भेग असेल, तरीही घरच्या पांढऱ्या गोंदाला हात लावू नये. तो आधी खरवडून काढण्याचीच मजुरी कारागीर वेगळी घेतो. तारा सैल कराव्यात आणि वाद्य जाणकाराकडे न्यावे. रत्नागिरीकडच्यांना आंबा घाटाने कोल्हापूर जवळ, तर आम्हाला रेल्वेने मडगाव सोयीचे. मिरजेची ख्याती तंबोऱ्यांसाठी आणि सतारींसाठी आहे, पण गिटारचे काम वेगळे असल्याने तिथे आधी फोनवर विचारून मगच जावे. वाद्य अगदी स्वस्तातले असेल तर दुरुस्तीचा अंदाज आधी विचारावा. कधी कधी तो नव्या गिटारच्या किमतीजवळ जातो आणि मग मी मुलाच्या वडिलांना तसे स्पष्ट सांगतो.

थांबण्याची आणखी दोन ठिकाणे आहेत. बोटांची टोके दुखणे सुरुवातीला स्वाभाविक आहे, पण मनगट दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा राहत असेल तर वाजवणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. आणि सारेगम स्वच्छ लागते, मात्रा लिहिलेल्या आहेत, वाद्यही निर्दोष आहे, तरी महिनाभरात एक ओळ उभी राहत नसेल, तर एखाद्या शिक्षकासमोर एकदा बसावे. स्वतःच्या बोटाचा कोन स्वतःला दिसत नाही.

गिटार प्रवासाला नेताना सर्व तारा दोन-दोन फेरे उतरवाव्यात, डोक्याखाली वर्तमानपत्राची घडी द्यावी आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. कारागिराला ‘सूर बरोबर लागत नाही’ एवढेच सांगितले तर तो शोधत बसेल आणि आपण बाकावर बसून राहू. त्याऐवजी आपली ओळ तिथेच वाजवून ‘तिसऱ्या तारेवर मोकळा प ठीक आहे, दुसऱ्या पडद्यावरचा ध चढा लागतो, नव्या तारा घालूनही लागतो’ असे सांगावे.